आवाजाचे बियाणे कसे जपावे?



आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. दिवाळीच्या सुमारास तुम्ही या बाजूला आलात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिकून पिवळ्या झालेल्या बांध्या आणि गावाबाहेर भात गिरण्या दिसतील. गिरणीत १०० किलो धान घातले, की साधारण ६७ किलो तांदूळ हाती येतो. शासकीय खरेदीच्या धानाच्या भरडाईतही साध्या तांदळासाठी हेच प्रमाण धरतात. बाकीचे तूस आणि कोंडा म्हणून बाजूला निघते. वजन कमी झाले, जागा कमी लागली, शिजवायलाही सोपे झाले. पण हा तांदूळ पुढच्या मृगात पऱ्ह्यासाठी टाकून पाहा. तो उगवणार नाही. पेरायला धानच लागते. म्हणून घरी कितीही अडचण असली तरी शेतकरी बियाण्याचे पोते गिरणीत पाठवीत नाही.

आजचा आपला विषय धान नसून ध्वनी आहे. तरीही हे बियाण्याचे पोते लेख संपेपर्यंत लक्षात ठेवा. ते लक्षात न ठेवल्यामुळे माझे काय नुकसान झाले, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या आत्याबाईंकडून रोवणीची गाणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली. दोन दिवसांत मिळून जवळजवळ तीन तासांचे मुद्रण झाले. त्या झाडीबोलीत गात. गाऊन झाल्यावर त्यांनी मला विचारले, "बाबू, मी मेल्यावर बी हा आवाज राहीन का रे?" मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. "राहील, आत्याबाई, चांगला राहील," असे मी छातीठोकपणे सांगितले. त्यानंतर आठवड्याभरात माझा मोबाईल बांधीच्या पाण्यात पडला आणि कायमचा बंद झाला. चार गाणी तेवढी मी एका चुलत भावाला संदेशातून पाठवली होती, म्हणून वाचली. पुढच्या हिवाळ्यात आत्याबाईंचा आवाज गेला, तो परत आला नाही.

उरलेली चार गाणी मी आमच्या महाविद्यालयातील मराठीच्या एका सहकाऱ्यांना ऐकवली. झाडीबोलीत 'श' आणि 'ष' यांच्या जागी 'स' उच्चारतात, हे त्यांना ठाऊकच होते. एका ओळीत आत्याबाई 'स' म्हणतात की 'श', एवढेच त्यांना नक्की करायचे होते. चारपाच वेळा ऐकूनही ते ठरेना. मी त्या फाईलचा आलेख काढून पाहिला, तेव्हा दर सेकंदाला ४,००० कंपनांच्या वरचे सारे काही नाहीसे झालेले होते. नेमका तिथेच 'स' चा बराचसा भाग असतो. माझ्या हाती तांदूळ उरला होता, धान गेले होते.

हे असे का झाले आणि काय केले असते तर झाले नसते, ते आता क्रमाने पाहू.

आवाज अंकांत कसा उतरतो?

आपण बोलतो तेव्हा हवेचा दाब थोडा कमी-जास्त होत राहतो. ध्वनिग्राहकाचा, म्हणजे मायक्रोफोनचा पडदा त्याबरोबर हलतो आणि त्याच प्रमाणात विद्युतदाब बदलतो. हा विद्युतदाब ठरावीक अंतराने मोजून त्याचे आकडे लिहून ठेवणे, याला नमुने घेणे असे म्हणतात. तापाच्या रुग्णाचे तापमान परिचारिका दर चार तासांनी तक्त्यावर मांडते, तसेच हे आहे. फरक इतकाच, की आवाजाचे मोजमाप सेकंदाला हजारो वेळा करावे लागते.

किती वेळा? याचा नियम असा: ज्या सर्वांत मोठ्या वारंवारतेची नोंद हवी असेल, तिच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला घ्यावे लागतात. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली या विचाराचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली त्याची स्पष्ट मांडणी केली. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरले. उलट सेकंदाला ८,००० नमुनेच घेतले, तर ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच नोंदले जाणार नाही. जुन्या दूरध्वनीवर नाव सांगताना "स, सशाचा स" असे फोड करून का सांगावे लागे, याचे उत्तर इथेच आहे. 'श' चा जोर त्या मानाने खालच्या वारंवारतांवर असतो, तर 'स' चा त्याहून बराच वर. वरचा भाग कापला, की दोघांतला भेद पुसट होतो.

दुसरा प्रश्न, प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहायचे? १६ बिट वापरले तर ६५,५३६ पायऱ्या मिळतात. २४ बिट वापरले तर १,६७,७७,२१६. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या फिती व तबकड्या अंकरूपात आणताना निदान ४८,००० नमुने आणि २४ बिट वापरावेत, अशी शिफारस केलेली आहे.

आता एक हिशेब करू. एकाच ध्वनिग्राहकाने या प्रमाणात मुद्रण केले तर,

४८,००० × २४ = ११,५२,००० बिट दर सेकंदाला.
८ ने भागले, म्हणजे १,४४,००० बाइट दर सेकंदाला.
एका मिनिटाला ८६,४०,००० बाइट, म्हणजे ८.६४ मेगाबाइट.
एका तासाला ५१८.४ मेगाबाइट.

आत्याबाईंचे तीन तास म्हणजे सुमारे १,५५५ मेगाबाइट झाले असते. एवढी मोठी फाईल संदेशातून पाठवणे जड जाते. म्हणून ती लहान करण्याची गरज पडते. या लहान करण्याला संपीडन म्हणतात. ध्वनितरंगातील संपीडन आणि विरलन तुम्ही शाळेत शिकला आहात, ते हवेच्या थरांचे. हे संपीडन आकड्यांचे आहे. नाव एक असले तरी दोहोंची गल्लत करू नका.

पोते ठासून भरणे

संपीडनाचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात फाईल लहान होते, पण उघडल्यावर मूळचा आकडान् आकडा परत मिळतो. पोते हलवून, ठासून भरले की तेवढेच धान कमी जागेत मावते आणि एकही दाणा कमी होत नाही, तसे हे. याला हानिरहित संपीडन म्हणू.

याची सर्वांत सोपी युक्ती अशी: फाईलमध्ये ५,००० शून्ये ओळीने असतील, तर ती सगळी लिहिण्याऐवजी "शून्य, ५,००० वेळा" एवढेच लिहावे. दुसरी युक्ती वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटी खूण देण्याची. मोर्सच्या तारायंत्रात इंग्रजीतल्या सर्वांत जास्त येणाऱ्या अक्षराला एकच टिंब दिलेले असे. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली अशा खुणा ठरवण्याची उत्तम रीत शोधून काढली. तिसरी युक्ती अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांची, १९७७ सालची. एखादा तुकडा आधी येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता "इतके मागे जा आणि इतकी अक्षरे उचल" असा निरोप लिहावा. झिप फाईलमध्ये या दुसऱ्या व तिसऱ्या युक्त्यांची जोडी काम करते.

आता तुम्ही म्हणाल, रोवणीच्या गाण्यात पालुपद पुन्हा पुन्हा येते. मग झिप केल्यावर फाईल फारच लहान व्हायला हवी! गाण्याचे शब्द टंकून ठेवले असतील, तर तसे खरोखरच होते. पण मुद्रित आवाजाचे तसे होत नाही. करून पाहिलेत तर फाईल फार थोडी लहान झालेली दिसेल. कारण कानाला तेच वाटणारे पालुपद आकड्यांत कधीच तेच नसते. दुसऱ्यांदा गाताना श्वास थोडा वेगळा पडतो, दूर कुठे कुत्रे भुंकते, ध्वनिग्राहकाची स्वतःची किंचित खरखर असते. एखादाही आकडा बदलला, की "मागे जाऊन उचल" ही युक्ती अडते.

मग आवाजासाठी काय करावे? आकडे जसेच्या तसे पुन्हा येत नसले, तरी एका आकड्यावरून पुढच्याचा अंदाज बांधता येतो. हा भाग वही घेऊनच वाचा.

समजा, ओळीने आलेले आठ नमुने असे आहेत:

१००, १०४, १०७, ११०, १११, १११, ११०, १०७

आपण असा नियम करू, की पुढचा आकडा सरळ रेषेत जाईल. म्हणजे, अंदाज = (२ × आताचा आकडा) − मागचा आकडा. पहिले दोन आकडे तसेच लिहू. तिसऱ्याचा अंदाज २ × १०४ − १०० = १०८. प्रत्यक्षात १०७ आहे, म्हणून चूक −१. चौथ्याचा अंदाज २ × १०७ − १०४ = ११०. तो बरोबर निघाला, चूक ०. असे पुढे केले, की सहा चुका मिळतात:

−१, ०, −२, −१, −१, −२

मूळ आकडे शंभराच्या घरातले होते, चुका मात्र अगदी लहान आहेत. −२ पासून १ पर्यंतच्या चार किमती लिहायला २ बिट पुरतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा धरला, तर मुळात ८ × १६ = १२८ बिट लागत होते. आता पहिल्या दोघांचे ३२ आणि चुकांचे ६ × २ = १२, असे ४४ बिट पुरले. चुकांना किती बिट दिले, याची नोंद करायला आणखी थोडे बिट लागतील, इतकेच.

आणि मूळ परत मिळते का? १०० व १०४ वरून अंदाज १०८, त्यात −१ मिळवले की १०७. तिथून पुढचा, तिथून त्याच्या पुढचा. सगळे आठही नमुने जसेच्या तसे परत येतात.

फ्लॅक नावाची फाईल याच तत्त्वावर चालते. ती २००१ सालापासून प्रचारात आहे आणि कोणालाही मोफत वापरता येते. तिच्यातला अंदाजाचा नियम आपल्यापेक्षा लांबचा असतो, तो मागचे अनेक नमुने पाहतो. उरलेल्या चुका लिहिण्याच्या तिच्या रीतीला 'राईस संकेतन' म्हणतात. गोंदियाच्या विद्यार्थ्यांनी हुरळून जाऊ नये. हे राईस म्हणजे अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील रॉबर्ट राईस, तांदूळ नव्हे! खऱ्या आवाजात खरखर असल्यामुळे आपल्या उदाहरणाइतकी बचत होत नाही. फाईल साधारणपणे मूळच्या निम्मी ते दोन-तृतीयांश होते.

प्रत्येक फाईल लहान करता येईल का?

येणार नाही, आणि हे सिद्ध करता येते. ३ बिटांच्या एकूण फाईली किती? २ × २ × २ = ८. त्याहून लहान फाईली किती? २ बिटांच्या ४, १ बिटाच्या २ आणि एक रिकामी, मिळून ७. आठ जणांना सात कोनाड्यांत ठेवायचे, तर कुठेतरी दोघे एकत्र येणारच, आणि मग उघडताना कोणता मूळचा हे कळणार नाही. बिटांची संख्या कितीही घेतली तरी हिशेब असाच लागतो. म्हणून कोणतीही हानिरहित रीत काही फाईली लहान करते ती काही फाईली मोठ्या करूनच. झिप केलेली फाईल पुन्हा झिप करून काही मिळत नाही, त्याचेही मूळ यातच आहे.

भरडाई

दुसरा प्रकार हानियुक्त संपीडनाचा. त्यात "कानाला जे फारसे जाणवणार नाही ते टाकून द्या" असा विचार असतो. ढोल जोरात वाजत असताना त्याच्या जवळच्या वारंवारतेचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मग तो लिहायचाच कशाला? एमपी-३ फाईल या तत्त्वावर बनते. तिचा समावेश असलेले मानक १९९३ साली प्रसिद्ध झाले.

बोलण्याच्या आवाजासाठी आणखी एक रीत आहे आणि तिच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. बिष्णू अटल यांचा जन्म १९३३ साली कानपूरला झाला. १९६१ पासून ते अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत काम करू लागले. माणसाचा कंठ, तोंड आणि जीभ यांची ठेवण क्षणाक्षणाला अचानक बदलू शकत नाही. म्हणून आवाजाच्या पुढच्या नमुन्याचा अंदाज मागच्या नमुन्यांवरून बांधता येतो, हे तत्त्व त्यांनी बोलण्याच्या संपीडनासाठी वापरले. १९८५ साली मॅनफ्रेड श्रोडर यांच्याबरोबर त्यांनी जी रीत मांडली, तिच्याच वंशातल्या रीती मोबाईलवरील संभाषणात वापरल्या गेल्या.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अंदाज फ्लॅकही बांधते आणि मोबाईलही बांधतो. फ्लॅक अंदाजातली प्रत्येक चूक जपून ठेवते. मोबाईल चुकीची फक्त ढोबळ नोंद ठेवतो. सारा फरक एवढाच आहे. चुका जपल्या तर मूळ परत मिळते, टाकल्या तर मिळत नाही.

समजा, संदेशातला आवाज सेकंदाला १६,००० बिटांत बसवला. म्हणजे सेकंदाला २,००० बाइट, तासाला ७.२ मेगाबाइट. आपल्या ५१८.४ मेगाबाइटच्या हे ७२ वा भाग झाले. निरोप कळवायला ही रीत उत्तम आहे. "उद्या रोवणीला या" हे सांगायला ५१८ मेगाबाइट खर्च करणे शहाणपणाचे नाही. पण संग्रहासाठी ही रीत वापरणे म्हणजे बियाणे भरडणे होय. आणि अशी फाईल नंतर फ्लॅकमध्ये बदलली, तरी गेलेले परत येत नाही. तांदूळ धानाच्या पोत्यात भरल्याने त्याचे धान होत नाही.

सुरक्षित म्हणजे काय?

फाईल सुरक्षित आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन वेगवेगळे प्रश्न असतात. ते सुटे करून पाहिले पाहिजेत.

पहिला प्रश्न: फाईल बदलली तर नाही ना? यासाठी फाईलच्या सर्व आकड्यांवरून एक खूण-संख्या काढून ठेवतात. साधी बेरीज घेतली तर? ४, ७, २ ची बेरीज १३, पण ७, ४, २ ची सुद्धा १३. अदलाबदल कळली नाही. म्हणून झिपमध्ये बेरजेऐवजी भागाकाराच्या बाकीवर आधारलेली ३२ बिटांची खूण असते. तिच्या ४२९ कोटींहून अधिक किमती होऊ शकतात. योगायोगाने झालेला बिघाड ती चांगला पकडते, पण कोणी मुद्दाम फेरफार करून तीच खूण जुळवू शकतो. त्यासाठी शा-२५६ ही २५६ बिटांची खूण अधिक भरवशाची. फाईलमधला एक बिट जरी बदलला, तरी या खुणेतले सुमारे निम्मे बिट बदलून जातात. ही खूण मुद्रणाच्या दिवशीच वहीत लिहून ठेवावी आणि दरवर्षी पुन्हा काढून ताडून पाहावी.

दुसरा प्रश्न: नको त्याने ती ऐकू नये, याची सोय काय? त्यासाठी फाईल कुलूपबंद करतात. झिपमधली जुनी परवलीची पद्धत कमकुवत असल्याचे १९९४ साली दाखवून देण्यात आले. आज एईएस ही पद्धत वापरतात. जोन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या दोन बेल्जियन संशोधकांनी ती तयार केली आणि २००१ साली अमेरिकेने ती मानक म्हणून स्वीकारली. पण कुलूप कितीही पक्के असले, तरी परवलीचा शब्द दुबळा असून चालत नाही. समजा, एखादे यंत्र सेकंदाला १ लाख शब्द ताडून पाहते. चार अंकी आकडा असेल तर १०,००० शक्यता, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग पुरे. इंग्रजीतली आठ लहान अक्षरे चिठ्ठ्या टाकून निवडली, तर सुमारे २०,८८३ कोटी शक्यता होतात, म्हणजे जवळजवळ २४ दिवस. तशीच बारा अक्षरे घेतली तर सुमारे ३०,००० वर्षे. मात्र स्वतःचे नाव आणि जन्मवर्ष जोडून शब्द केलात, तर हा सारा हिशेब लटका पडतो.

आधी संपीडन करावे आणि मग कुलूप लावावे, हा क्रमही महत्त्वाचा आहे. कुलूपबंद फाईलचे आकडे कोणत्याच नियमात बसत नाहीत, त्यामुळे नंतर ती लहान होत नाही. आणि परवलीचा शब्द विसरलात, तर ते कुलूप तुम्हालाही उघडत नाही. म्हणून तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, घरातल्या दोन विश्वासू माणसांकडे द्यावा. मुळात कुलूप लावायचे का, हे ज्याचा आवाज आहे त्यालाच विचारावे. गाणी सर्वांना ऐकवायला हरकत नसेल, पण मध्येच सांगितलेली घरची गोष्ट बाहेर जाऊ नये, असे एखाद्या आजीला वाटू शकते. तिचा तो हक्क आहे.

तिसरा प्रश्न: फाईलच नष्ट झाली तर? यासाठी सोपा नियम आहे तीन-दोन-एक. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. माझ्या चार गाण्यांना हाच नियम नकळत लागू पडला, बाकीच्यांना पडला नाही.

मोठ्या संस्थांनाही यातून सुटका नाही. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या वेळी, १९१३ ते १९२९ या काळात, देशभरातल्या भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. त्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि त्याच्या अनेक ऑनलाइन सेवा महिनोन्महिने बंद पडल्या. पण त्या ध्वनिमुद्रणांची अंकरूप प्रत शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरही आहे. दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत ती हीच.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या काहींचे अंकीय फितीवर मुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आल्या. ती फीत १९८७ साली बाजारात आली होती. २००५ साली तिची यंत्रे बनवणे बंद झाले. फीत शाबूत आहे, पण वाजवायला यंत्र नाही, अशी वेळ येण्याआधी ओव्या नव्या साधनावर उतरल्या, हे आपले भाग्य. म्हणून दर काही वर्षांनी प्रती नव्या साधनावर उतरवणे हेही जपण्याचेच काम आहे.

लहान करावे की करू नये?

शेवटी एक तिढा उरतो. संपीडन न केलेल्या फाईलमधला एक नमुना बिघडला, तर क्षणभर 'टक्' असा आवाज येईल, पुढचे सर्व ठीक ऐकू येईल. संपीडित फाईलमध्ये मात्र पुढचा आकडा मागच्यावर अवलंबून असतो. तिथे एक बिट बिघडला, की त्याच्या पुढचा भागही जातो. फ्लॅकमध्ये छोटे छोटे खंड असल्याने नुकसान एका खंडापुरते राहते. पण शंभर गाणी एकत्र ठासून एकच गाठोडे केले असेल, तर एका जागच्या बिघाडाने अनेक गाणी हातची जाऊ शकतात.

म्हणून माझा सल्ला असा. मूळ मुद्रण वेव्ह या असंपीडित फाईलमध्ये करावे आणि ती एक प्रत तशीच ठेवावी. वीस तासांच्या मुद्रणाला सुमारे १०.४ गिगाबाइट लागतात. ती १६ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर मावते. बाकीच्या प्रती फ्लॅकमध्ये, प्रत्येक गाण्याची फाईल वेगळी. एमपी-३ फक्त पाठवण्यापुरती. फाईलच्या नावात गाव, तारीख आणि गाण्याचा विषय लिहावा, आणि सोबत एका साध्या कागदावर कोणी गायले, कोणत्या बोलीत, कोणाची परवानगी घेतली, हे नोंदवावे.

आमच्या जिल्ह्यात झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे. गोंडी तर द्राविड कुळातली, मराठीहून अगदी वेगळी. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. या बोलींतली गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांतले बरेच जण आज सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरातही असे कोणी असेल. येत्या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा, परवानगी घ्या, आणि त्याच संध्याकाळी दुसरी प्रत करा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

करून पाहा

१. एका मिनिटाचे बोलणे वेव्ह फाईलमध्ये मुद्रित करा. तिची झिप, फ्लॅक आणि एमपी-३ अशी तीन रूपे करून आकार तक्त्यात मांडा. मग पूर्ण शांत खोलीत एक मिनिट मुद्रण करून तेच करा. फ्लॅकच्या आकारात फरक का पडला?

२. ५०, ५३, ५७, ६०, ६२, ६३, ६३, ६२ या नमुन्यांच्या सहा चुका काढा. त्यांना प्रत्येकी किती बिट लागतील?

३. मित्राकडून 'सात', 'शाल', 'साल', 'शेत' हे शब्द आधी समोरासमोर आणि मग फोनवरून, कोणताही क्रम घेऊन वदवून घ्या. तुम्ही 'स' आणि 'श' किती वेळा चुकलात, ते दोन्ही वेळा मोजा.

शिक्षकांसाठी: तिसरा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो. दुसऱ्या प्रश्नातल्या चुका १, −१, −१, −१, −१, −१ अशा येतात. त्यांत दोनच किमती असल्याने प्रत्येकी १ बिट पुरतो. विद्यार्थ्यांनी २ बिट सांगितले तर ते चूक समजू नये, मात्र एका बिटात कसे भागते यावर चर्चा करावी.